घरच्या डोंगरांवर ग्लायडर : कॉन्डॉर सिम्युलेटरसाठी स्वतःचं लँडस्केप कसं बनवाल

पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. लहानपणी बसच्या खिडकीतून मान वाकडी करून तिथली पांढरी ग्लायडरं, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बघायचो. उडायला कधी मिळालं नाही, पण पुढे संगणकावर कॉन्डॉर मिळालं. हे फक्त ग्लायडरचं सिम्युलेटर. स्लोव्हेनियातल्या मंडळींनी बनवलेलं, पहिली आवृत्ती २००५ ची. विकत घेतल्यावर सोबत स्लोव्हेनियाचा प्रदेश मिळतो : लेस्से-ब्लेडचं गवती मैदान, मागे ज्युलियन आल्प्स. देखणा आहे. पण वर्षभर त्याच डोंगरांना प्रदक्षिणा घातल्यावर मला वाटायला लागलं की पश्चिमेचा वारा सुटलेला असताना सिंहगडाच्या कड्याला घासून जायला काय मजा येईल!

कॉन्डॉरची बाकीची बहुतेक लँडस्केपं हौशी लोकांनीच घरी बसून केलेली आहेत. म्हटलं, आपणही करू. लागले चार महिने. त्यातले निदान दोन चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. पद्धत कॉन्डॉर २ ची आहे आणि उदाहरण सगळीकडे माझ्या पुणे-सह्याद्रीच्या चौकटीचं आहे. तुम्ही नाशिक घ्या, कोल्हापूर घ्या, नाहीतर परदेशात असाल तर तिथले डोंगर घ्या. हिशेब तोच.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. ग्लायडरला तुमचं उपग्रहचित्र दिसत नाही. वारा डोंगरावर आदळून वर कुठे चढतो हे कॉन्डॉर उंचीच्या आकड्यांवरून काढतं आणि थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा हवेचा झोत, कुठे उठेल हे थर्मल नकाशावरून ठरवतं. चित्र हे फक्त आपल्या डोळ्यांसाठी. नवखा माणूस मात्र हमखास चित्रापासून सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं.

हाताशी काय काय लागेल

- कॉन्डॉर २ आणि त्याचा लँडस्केप एडिटर. एडिटर कॉन्डॉरवाल्यांकडूनच फुकट मिळतो. दोन्हींना विंडोज लागतं.
- क्यूजीआयएस. नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्याबरोबर जीडाल नावाची हत्यारांची पेटी येते. अर्धं काम तीच करते.
- उंचीची मोठी फाइल कॉन्डॉरच्या साच्यात कापून देणारं छोटं साधन. कॉन्डॉरच्या हौशी मंडळींनी अशी केलेली आहेत.
- गिंप किंवा फोटोशॉप, आणि चित्रं डीडीएस साच्यात बदलणारं एखादं साधन.
- इमारती करायच्या असतील तर ब्लेंडर. पहिल्या लँडस्केपला नको.
- डिस्कवर पन्नास-साठ जीबी मोकळी जागा. शेवटी तयार होणारं लँडस्केप त्याच्या दहावा हिस्साही नसेल, पण मधली फाइलींची रास मोठी असते.
- एक वही. चौकटीचे चार आकडे तुम्हाला शंभरदा लागतील. ते दरवेळी शोधत बसू नका.

१. चौकट ठरवा, आणि लहान ठरवा

कॉन्डॉरचा प्रदेश टाइल्सचा बनतो. एक टाइल म्हणजे २३.०४ किलोमीटर बाजूचा चौरस. तिचे उभे-आडवे चार-चार भाग केले की ५.७६ किलोमीटरचे सोळा पॅच होतात. आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे सरळ हिशेब आहे. उंचीची जाळी ३० मीटरची आहे, आणि ५,७६० मीटरमध्ये ३० मीटरची बरोबर १९२ घरं बसतात.

पहिल्या प्रयत्नाला चार बाय चार टाइल्स भरपूर झाल्या. म्हणजे ९२.१६ किलोमीटरचा चौरस, २५६ पॅच. मी आधी ‘सगळा सह्याद्रीच घेऊ’ म्हणून दहा बाय चौदा टाइल्स घेतल्या होत्या. पॅच झाले २,२४०. एका रंगदुरुस्तीला रात्रभर संगणक चालू. तिसऱ्या रात्री घरून विचारणा झाली की वीजबिल कोण भरणार आहे.

सगळा प्रदेश एकाच यूटीएम पट्ट्यात बसवायचा. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत. महाराष्ट्राचा मोठा भाग ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४४ सुरू होतो. नागपूरकरांनी हे लक्षात ठेवावं. क्यूजीआयएसमध्ये ४३ उत्तरसाठी ईपीएसजी (नकाशापद्धतीचा ठरलेला क्रमांक) ३२६४३ निवडा, ४४ साठी ३२६४४.

आता कोपरा. कॉन्डॉर सगळं मोजतं ते खालच्या उजव्या, म्हणजे आग्नेय कोपऱ्यापासून. माझे आकडे असे :

- उजवी कड : ४,१०,००० मीटर पूर्व
- खालची कड : २०,००,००० मीटर उत्तर
- डावी कड : ३,१७,८४०
- वरची कड : २०,९२,१६०

यात पश्चिमेला रायगड आणि कोकणात उतरणारे कडे, दक्षिणेला भोर, उत्तरेला राजगुरूनगर आणि पूर्वेला उरुळी कांचन येतं. मधे सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, लोहगड. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना ही धरणंही आत. लोभ सुटत नव्हता. कळसूबाई बाहेर राहिलं याची हळहळ अजून आहे.

ज्या मैदानावरून उडणार ते मैदान कडेला टेकवू नका. सगळ्या बाजूंनी निदान वीस किलोमीटर प्रदेश शिल्लक हवा, नाहीतर दहा मिनिटांत जग संपतं.

२. उंचीचा डेटा आणा

तीन मोफत पर्याय आहेत, आणि तिन्हींची जाळी साधारण ३० मीटरची.

पहिला एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने केलेली मोजणी. जुनी आहे, पण डोंगर कुठे पळून जातात! अडचण एकच. उभ्या कड्यांमागे रडार पोचलं नाही तिथे मूळ डेटात भोकं आहेत, म्हणून भोकं बुजवलेली आवृत्तीच घ्या. दुसरा कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाचा जीएलओ-३०. हा नवा आणि स्वच्छ आहे, पण तो जमिनीची नाही तर वरच्या पृष्ठभागाची उंची देतो. झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरं त्यात धरलेली असतात. त्यावर पुढे तुम्ही जंगल लावलंत की झाडांवर झाडं उभी राहतात. तिसरा इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडीईएम. नोंदणी करून उतरवून घेता येतो.

मी तिन्ही लावून पाहिले आणि शेवटी कोपर्निकस ठेवला. सह्याद्रीच्या सोंडा त्यात सगळ्यांत धारदार दिसतात, आणि ग्लायडरला धारेशीच मतलब असतो. दाट जंगलाच्या भागात उंची थोडी गुळगुळीत केली.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तीस मीटरच्या जाळीत तैलबैलाच्या त्या दोन उभ्या भिंती मावत नाहीत. त्यांची कणकेच्या उंड्यासारखी टेकाडं होतात. लिंगाण्याचा सुळकाही बुटका आणि जाड होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. हा दोष तुमचा नाही आणि उंची हाताने ओढून तो नीट दुरुस्तही होत नाही. तसाच सोडा.

३. उंचीची फाइल कापा

इथे सगळ्यांत जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

उंचीचे तुकडे टीआर३ प्रकारच्या फाइलींत जातात. एका पॅचला एक फाइल, आणि प्रत्येकीत १९३ बाय १९३ बिंदू. घरं १९२, बिंदू १९३. कुंपणाला खांब एक जास्त लागतो तसं. शेजारच्या पॅचचा कडेचा बिंदू सामाईक असतो. त्यामुळे चार टाइल्सच्या बाजूला बिंदू होतात ४ × ७६८ + १, म्हणजे ३,०७३.

आता मेख. कॉन्डॉरचा बिंदू जाळीच्या रेघेवर असतो, तर क्यूजीआयएसचा आकडा चौकोनाच्या मध्यावर. म्हणून फाइल कापताना चौकट चारही बाजूंनी अर्धं घर, म्हणजे १५ मीटर वाढवायची. माझ्या बाबतीत डावीकडून ३,१७,८२५ ते उजवीकडे ४,१०,०१५, खालून १९,९९,९८५ ते वर २०,९२,१७५. ९२,१९० भागिले ३० करा, बरोबर ३,०७३ येतात. हे विसरलात तर सगळा प्रदेश पंधरा मीटर सरकतो. डोंगरात कळत नाही, पण धरणाच्या भिंतीवर आणि धावपट्टीवर लगेच कळतं.

जीडालच्या वार्प आज्ञेला हे चार आकडे द्या, जाळी ३० मीटर सांगा, नमुना घेण्याची पद्धत ‘क्यूबिक’ ठेवा. ‘निअरेस्ट’ ठेवलीत तर उतारांना पायऱ्या पडतात. मग निघालेली फाइल १६ बिट पूर्णांकात, कच्च्या म्हणजे रॉ साच्यात लिहा.

इथे दोन तपासण्या करायच्याच :

- फाइलचा आकार. ३,०७३ × ३,०७३ × २, म्हणजे १,८८,८६,६५८ बाइट. एक बाइटही इकडेतिकडे असेल तर पुढे जाऊ नका.
- सगळ्यांत कमी उंची. डेटा नसलेल्या जागी उणे ३२,७६८ किंवा उणे ९,९९९ असा आकडा भरलेला असतो. तो राहिला तर प्रदेशात पाताळापर्यंत जाणारी विहीर तयार होते. माझ्याकडे मुळशीजवळ अशी एक होती. वरून जाताना ग्लायडरच्या खाली काळं भोक.

ही फाइल कापणाऱ्या साधनाला दिली की मुख्य टीआरएन फाइल आणि हाइटमॅप्स फोल्डरमधल्या २५६ टीआर३ फाइली तयार होतात.

नावांचा क्रम नीट पाहा. पहिले दोन आकडे उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या स्तंभाचे, पुढचे दोन खालून वर जाणाऱ्या ओळीचे. म्हणजे ०००० हा पॅच आग्नेय कोपऱ्यात आणि १५१५ वायव्येला. आपला हात मात्र डावीकडून, वरून मोजायला बसलेला. मी टेक्स्चरला, म्हणजे जमिनीवर चढवायच्या चित्रांना, उलटी नावं दिली आणि पानशेतचं पाणी हडपसरच्या पलीकडे डोंगरावर चढलं. मूर्खपणा कबूल केलेला बरा : ते शोधायला मला पाच दिवस लागले.

४. रंग लावायच्या आधी एकदा उडा

ही पायरी कुठे लिहिलेली सापडत नाही, आणि हीच सगळ्यांत जास्त वेळ वाचवते.

एकच करडं चित्र २५६ नावांनी कॉपी करून टेक्स्चर्स फोल्डरमध्ये टाका. लँडस्केप एडिटरमधून एक तात्पुरती धावपट्टी घाला, कारण त्याशिवाय उड्डाण सुरू करायला जागाच नसते. मग कॉन्डॉर उघडा.

करड्या रंगात आकार फार स्पष्ट दिसतात. सिंहगडाचा माथा ओळखू येतो का? समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास उंची दाखवतो का? तोरणा चौदाशेच्या घरात हवा. आकडे दहा-वीस मीटर कमी भरले तर चालतं, जाळी शेंडा थोडा खाते. शंभराने चुकले तर कुठेतरी गफलत आहे. सगळीकडे साळिंदराच्या काट्यांसारखे सुळके उभे असतील तर बाइटचा क्रम उलटा पडला आहे. फाइल ‘लिटल एंडियन’ क्रमात पुन्हा लिहा.

मग पश्चिमेचा वारा लावा, ताशी पंचवीस किलोमीटर, थर्मल बंद, आणि कोकणात तुटलेल्या कड्यांच्या कडेने उत्तरेकडे निघा. वारा जिथे कड्याला समोरून भिडतो तिथे व्हेरिओमीटर (ग्लायडर किती वेगाने चढतंय-उतरतंय ते दाखवणारं यंत्र) वर जायला हवा आणि कड्याच्या मागे, घाटमाथ्यावर सरकलात की खाली. माझा टूंऽऽ करून वाजायला लागला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि खाली नुसता करडा दगड होता. तरी तो रायगडाच्या बाजूचा घाट होता, ओळखीचा!

५. उपग्रहचित्र

गूगलच्या नकाशावरून चित्रं उचलून लावायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. त्यांच्या अटींत ते बसत नाही, आणि असं लँडस्केप पुढे कोणाला मोकळेपणाने देता येत नाही. कोपर्निकसच्याच सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत आहेत, बदलून वाटायलाही मुभा आहे, फक्त श्रेय द्यायचं. एका ठिपक्याला दहा मीटर.

दहा मीटर कमी वाटतात ना? जमिनीपासून दोनशे मीटरवर उडताना खालचं शेत धूसर दिसतं हे खरं. पण ग्लायडरचा बहुतेक वेळ हजार मीटरच्या वर जातो आणि तिथून चित्र उत्तम दिसतं.

तारीख निवडणं ही खरी कला. जून ते सप्टेंबर ढगच ढग. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डोंगर हिरवेगार, पण ते आपल्या ग्लायडिंगच्या दिवसांचे रंग नव्हेत. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते, मात्र उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला जातो, सूर्य तेव्हा दक्षिणेकडे खाली असतो, आणि पश्चिमेच्या कड्यांच्या लांबच लांब सावल्या चित्रात गोठून बसतात. मग कॉन्डॉरमध्ये दुपारचे तीन वाजले तरी कड्यावर सकाळची सावली. मार्चमध्ये सूर्य वर आलेला असतो, पण तोवर वणव्यांचे काळे डाग पडलेले असतात. मी फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरला. वाळलेलं गवत सोनेरी, धरणांत बऱ्यापैकी पाणी, वणवे थोडे.

उतरवताना ‘एल२ए’ पातळीचं चित्र घ्या; हवेतल्या धुरक्याची दुरुस्ती त्यात झालेली असते. लाल, हिरवा, निळा यांसाठी पट्टे अनुक्रमे ४, ३ आणि २. चित्र आधी काळपट दिसेल. उजेड वाढवा, पण अख्ख्या चौकटीला एकदाच. पॅच कापल्यावर प्रत्येकाला ‘ऑटो कॉन्ट्रास्ट’ लावलंत की बुद्धिबळाचा पट तयार होतो.

कापताना इथे ते पंधरा मीटर वाढवायचे नाहीत. चित्र ठिपक्यांचं असतं, बिंदूंचं नाही. मूळ चौकट जशीच्या तशी.

एका पॅचला किती ठिपके ठेवायचे? सेंटिनेलचा खरा तपशील पॅचमागे ५७६ ठिपक्यांचा. त्यामुळे २,०४८ च्या वर जाण्यात काही अर्थ नाही. ८,१९२ केलं तर एक फाइल त्रेचाळीस एमबीच्या आसपास, २५६ पॅचचे अकरा जीबी, आणि दिसणार तेवढंच. २,०४८ ला सगळं मिळून सातशे एमबीत भागतं. हा हिशेब साध्या डीएक्सटी१ दाबणीचा.

डीडीएस करताना मिपमॅप, म्हणजे लांबून दाखवायच्या लहान प्रती, चालू ठेवा. बंद राहिले तर दूरचे डोंगर मुंग्या आल्यासारखे चमचमतात.

आणि कड्यांचं काय? वरून घेतलेल्या चित्रात सहाशे मीटरच्या उभ्या कड्याच्या वाट्याला मोजके ठिपके येतात. ते ताणले जाऊन उभे पट्टे दिसतात. गिंपमध्ये तिथे खडकाचा पोत हलकेच मिसळता येतो. मी फक्त दोन-तीन ठिकाणी केलं. कंटाळा आला, खरं सांगायचं तर.

६. पाणी

पाणी चमकावं म्हणून पॅचच्या चित्राला अल्फा नावाचा चौथा थर लागतो, आणि अशी फाइल डीएक्सटी३ मध्ये ठेवायची. ज्या पॅचमध्ये पाणी नाही ते डीएक्सटी१ मध्येच राहू द्या, जागा निम्मी लागते. पाण्याची सीमा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेता येते. पण धरणांची तिथली सीमा भरलेल्या धरणाची असू शकते, आणि फेब्रुवारीच्या चित्रात पाणी खाली गेलेलं असतं. मग गाळाच्या तपकिरी काठावर पाणी चमकायला लागतं. सीमा चित्रावर ठेवून पाहा, पानशेत-वरसगावला हाताने आत ओढा.

७. जंगल

जंगलासाठी ईएसएचा (युरोपीय अवकाश संस्थेचा) वर्ल्डकव्हर नकाशा वापरा. दहा मीटरचा, मोफत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा. त्यात वृक्षांचा वर्ग १० क्रमांकाचा आहे. तेवढाच गाळून काळं-पांढरं चित्र बनवा आणि एडिटरमधून आत घ्या.

कॉन्डॉरमध्ये झाडं दोन जातींची : सूचिपर्णी आणि रुंद पानांची. मूळ प्रदेश आल्प्सचा ना! मी घाईत सूचिपर्णीवर टिचकी मारली आणि सिंहगडाच्या पायथ्याशी देवदाराचं बन उगवलं. खडकवासल्याच्या काठावर स्वित्झर्लंड. आपल्याकडे सगळं रुंद पानांच्या खात्यात टाका.

धावपट्टीच्या आजूबाजूचं जंगल पुसून टाका. रस्त्याकडेच्या वडा-चिंचेच्या रांगाही वर्ल्डकव्हरमध्ये वृक्ष म्हणून येतात, त्या उतरण्याच्या वाटेत उभ्या राहतात.

८. थर्मल नकाशा

हे करड्या छटांचं एक चित्र. पांढरं म्हणजे थर्मल जोरात, काळं म्हणजे काही नाही. इथे मात्र स्थानिक माणसाला जे माहीत असतं ते कुठल्याही उपग्रहाला माहीत नसतं.

मी ० ते २५५ च्या मापात असे आकडे धरले : पाणी ०, उसाची बागायत ९०, जंगल १२०, माळरान आणि जिरायत २००, गावठाण आणि शहर २२०. उघडा काळा कातळ २३०. उरुळीकडच्या भिजलेल्या उसाच्या पट्ट्यात थर्मल मिळवणं कठीण आणि सासवडच्या माळावर सोपं, हे उडताना जाणवलं पाहिजे. आकडे माझे आहेत, तुम्ही उडून बदला.

उन्हाचा उतार यात रंगवू नका. सकाळी पूर्वेचा उतार तापतो आणि दुपारी पश्चिमेचा, हे सूर्याची दिशा पाहून कॉन्डॉर स्वतः धरतं. तुम्हीही धरलंत तर दुप्पट होतं. आणि शेवटी चित्र थोडं धूसर करा. वर्गांच्या कडा तशाच राहिल्या तर थर्मल शेताच्या बांधावर रांगेने उभे राहतात.

९. धावपट्ट्या

प्रत्येक मैदानाला एडिटरमध्ये नाव, अक्षांश-रेखांश, उंची, दिशा, लांबी, रुंदी, पृष्ठभाग आणि रेडिओची फ्रीक्वेन्सी भरायची. चार ठिकाणी पाय घसरतो.

- दिशा धावपट्टीच्या क्रमांकावरून भरू नका. लोहगावची पट्टी १०/२८, पण याचा अर्थ बरोबर शंभर अंश असा नाही. तो आकडा दहाच्या पटीत कापलेला असतो, आणि चुंबकीय उत्तरेवरून. क्यूजीआयएसमध्ये दोन टोकं जोडून कोन मोजा. पण आपण यूटीएममध्ये आहोत, तिथली वरची दिशा खऱ्या उत्तरेपासून किंचित कललेली असते. पॅचशी जुळवायचं असेल तर चित्रावर ठेवून डोळ्यांनी खात्री करा.
- उंची पुस्तकातली न भरता स्वतःच्या उंचीच्या फाइलमधली भरा. नाहीतर धावपट्टी हवेत तरंगते किंवा जमिनीत रुतते.
- मैदान सपाट करायचं असेल ते तिसऱ्या पायरीत, कापण्याच्या आधी. पट्टीभोवती बहुभुज काढा, आतल्या सगळ्या बिंदूंना एकच उंची द्या आणि कडेला पन्नास-साठ मीटरचा उतार सोडा. मी हे शेवटी केलं आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.
- हवाई दलाच्या तळावर पट्टी दाखवा आणि थांबा. हँगर, इमारती, बाकीचा तपशील उभा करायची गरज नाही. सिम्युलेटरला त्याचा उपयोग शून्य.

प्रत्येक मैदानाला दोन त्रिमितीय फाइली असतात, एक गवताची आणि एक इमारतींची. पहिल्या आवृत्तीत त्या नसल्या तरी उडता येतं.

१०. इमारती, मनोरे, मंदिरं

पुढच्या आवृत्तीला ठेवा. खरंच. फार तर सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा उभा करा, लांबून दिशा ओळखायला कामी येतो.

११. हॅश काढा, मगच वाटा

सगळं झाल्यावर एडिटरमधून भूप्रदेशाचा आणि जंगलाचा हॅश, म्हणजे फाइलींवरून काढलेला ओळखीचा आकडा, तयार करा. एकत्र उडताना सगळ्यांकडे तोच प्रदेश आहे ना, हे कॉन्डॉर यावरून पडताळतं. उंचीत किंवा जंगलात नंतर एक बिंदू जरी हलवलात तरी हॅश पुन्हा काढा आणि आयएनआय फाइलमधला आवृत्तीचा आकडा वाढवा. एकदा आम्ही चौघं रविवारी सकाळी एकत्र उडायला बसलो आणि दोघांना आत येताच येईना. आवृत्ती सगळ्यांकडे १.० च लिहिलेली, कारण मी एका टेकडीची दुरुस्ती करून आकडा न बदलता पुन्हा पाठवली होती. ‘तुझी टेकडी तुलाच लखलाभ’ असा निरोप आला.

वाटण्याच्या फोल्डरमध्ये काय जायला हवं : टीआरएन, टीडीएम, ओबीजे, एपीटी, कप आणि आयएनआय फाइली, फ्लाइट प्लॅनरचा बीएमपी नकाशा, दोन्ही हॅश, आणि एअरपोर्ट्स, हाइटमॅप्स, फॉरेस्टमॅप्स, टेक्स्चर्स, वर्ल्ड ही फोल्डरं. ‘वर्किंग’ नावाचं फोल्डर काढून टाका. त्यात तुमचा कच्चा माल असतो आणि तोच सगळ्यांत जड. कप फाइलमध्ये वळणबिंदू असतात. गड, धरणं, घाट तिथे मराठी उच्चाराला जवळच्या स्पेलिंगने भरा, म्हणजे मित्राला ‘टोरना’ कुठे आहे ते शोधत बसावं लागणार नाही.

सोबत छोटी मजकूर फाइल ठेवा. सेंटिनेल आणि उंचीच्या डेटासाठी कोपर्निकसचं श्रेय, ओपनस्ट्रीटमॅप आणि वर्ल्डकव्हरचं श्रेय, आवृत्ती, आणि माहीत असलेल्या चुकांची यादी. माझ्या यादीत पहिलं वाक्य आहे : तैलबैला चुकीचा दिसतो, माहीत आहे, कळवू नये.